माया रडली न्हाई

३ फेब्रुवारी

आबा गेले. काल गावी, हिर्डोशीत, सगळं उरकलं. बायका गळ्यात पडून रडत होत्या, आणि मी — त्यांची एकुलती लेक — कोरडी! छाती भरून आली, पण डोळ्यांतून थेंब नाही. उलट वाळू गेल्यासारखे खुपत होते. साळूआत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "येष्टीत कंडक्टर झाली आन् मायाचं काळीज दगड झालं. बापासाठी एक टिपूस न्हाई!"

आबांची सख्खी बहीण. तिला काय बोलणार?

९ फेब्रुवारी

ड्युटीवर हजर. 'पुढं सरका' म्हणायला तोंड उघडलं तर जीभ टाळूला चिकटलेली. मानसिंगदादांनी, आमच्या ड्रायव्हरनी, पाण्याची बाटली मागं दिली. "बाई, लई दिवस बगतोय. बिस्कीटबी पाण्याबिगर उतरत न्हाई तुमाला. दाखवा की कुणाला."

खरंय. दाढाही भराभर किडल्यात. मी आपली उन्हाला नि धुळीला बोल लावत होते.

१४ फेब्रुवारी

आकाश दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर पुण्याला आला. नवरा असावा तर असा! डोळ्यांच्या डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाच्या पट्ट्या अडकवल्या. थोड्या वेळानं काढल्या, तर जवळजवळ कोरड्याच. "सांधे दुखतात का?" दुखतात. मग रक्त तपासायला पाठवलं.

२ मार्च

नाव कळलं — शोग्रेन. लिहिताना दोनदा खोडलं.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाई सरळ बोलतात. "रोगाशी लढणारी ताकदच तुमच्या अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उठलीय. मुळापासून जात नाही. पण ताब्यात राहतो."

मी विचारलं, "म्हणजे मला रडता येतच नव्हतं?"

"कसं येणार?"

मी हसलेच! आकाशचा चेहरा पडलेला, बाई माझ्याकडं बघतायत, आणि मी हसतेय. काळीज दगड नाही माझं. डॉक्टरच सांगतायत.

११ मार्च

गोळ्या सुरू. डोळ्यांत थेंब, गळ्यात बाटली, वाऱ्यासाठी मोठा गॉगल. गाडीत कुणीतरी म्हणालं, "काय हिरॉइन!" म्हटलं, व्हय, हिरॉइनच. तिकीट काढा आता.

भाकरी कालवणात बुडवून खाते. उतरते.

२२ मार्च

हिर्डोशीला गेले. आबांसाठी विहारात वंदना होती. ती झाल्यावर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, पट्ट्यांपासून गोळ्यांपर्यंत. गाडीत रोज ओरडते, इथं कसली लाज!

आत्या उठून जवळ आली. "म्हंजी, तुला रडायचं व्हतं?"

"लई रडायचं होतं, आत्या."

तिनं माझं डोकं छातीशी धरलं. "मग दोगींचं म्या रडते," म्हणाली, आणि रडली. माझी वेणी भिजली!

२९ मार्च

आत्याचा फोन. "थेंब घातलंस का डोळ्यात?" आता रोज विचारणार म्हणे.

१८ एप्रिल

दोन रेघा! लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही आशाच सोडलेली. आकाशनं मला उचललंच.

मग डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं, मग म्हणाल्या, "घाबरू नका, पण ऐका. तुमच्या रक्तात ग्रंथींवर उठणारं जे सापडलंय ते नाळेतून बाळाकडं जातं. क्वचित त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. गोळ्या अजिबात थांबवायच्या नाहीत. पुढं ठोके सारखे तपासत राहू."

राहू. म्हणतील तितक्या वेळा पुण्याला जाईन.

पण आजपर्यंत हा आजार माझ्या एकटीचा होता.