पडद्यातला नळ

पुंडलिकनगर, औरंगाबाद
ता. २ एप्रिल २०१९

ती. अक्कास,
आशाचा शि. सा. न.

पत्र बघून दचकू नको, मी जित्ती आहे. फोनवर माझी जीभ अडखळते आन तू तिकडं रडत बसतीस, म्हणून लिहिते. संक्रांतीला झटका आला तो डाव्या अंगावर, उजवा हात शाबूत आहे. व्यायाम घेणारी हिमानी म्हणते, हातानं लिहिलं की मेंदूला खुराक मिळतो. चौथी शिकलेल्या मेंदूला तो पचंल का, ते काय तिनं सांगितलं नाय.

ऋतुराज आठवड्यातून तीनदा मला मेंदूच्या व्यायामाला सोडतो. मला वाटलं, डोक्याला तेल चोळतील. तर तिथं भला मोठा टीव्ही, त्याच्यावर कॅमेरा. आपण हात हलवला की पडद्यातला हात हलतो. झाडावरून आंबे पडतात, ते डाव्या हातानं झेलून पाटीत टाकायचे. हिमानी म्हणते, हात धड आहे, मेंदूतून हाताकडं जाणारा रस्ता तेवढा उखडलाय. रोज चालत राह्यलं की बाजूनं नवी पायवाट पडते. पण एवढा धीर कुणाला? मी उजव्या हातानं डाव्याचं मनगट धरलं आन धडाधड आंबे पाटीत. शंभरात नव्वद मार्क! जन्मात पयल्यांदा.

सईच्या लग्नाला मी येणार नाय. निऱ्या घालायला दोन हात लागतात. तीन महिने गाऊनवर आहे. ऋतुराजची मोनिका नेसवते म्हणती, सून गुणाची आहे, पण बावन्नाव्या वर्षी मी बाहुलीसारखी उभी राहणार नाय. माझी मी नेसले तर येईन, नायतर इथूनच अक्षता टाकीन. वाद घालू नको.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवू नको. सांभाळायला एकच हात आहे.

तुझी
आशा

*

खुलताबाद
ता. ९ एप्रिल २०१९

चि. आशास,
अ. उ. आ.

लबाड ती लबाडच राह्यलीस. शाळेत बेरजा माझ्याकडून करून घ्यायचीस आन गुरुजींना म्हणायचीस, मी केल्या. आता टीव्हीला फसवतीस. टीव्हीचं काय जातंय? हात त्याचा थोडाच आहे! हिमानीबाईंना खरं सांग, नायतर मी येऊन सांगते.

बारा मे जवळ आली. टँकर चौथ्या दिवशी येतो. पाहुण्यांना हात धुवायला पाणी कुठून आणू हा घोर, त्यात तुझं हे. गाऊनवर ये, नायतर मी नेसवते. तुझ्या परकराची नाडी मीच बांधायची ना? सईला मावशी एकच. पोरगी मांडवात कुणाकडं बघंल, याचा विचार कर.

रागानं लिहिलंय, पण खालची माया वाचून घे.

तुझी
अक्का

*

पुंडलिकनगर
ता. २५ एप्रिल २०१९

ती. अक्कास,
शि. सा. न.

तुझ्या धाकानं खरं सांगितलं. तर हिमानीला पयल्या दिवशीच कळलं व्हतं; पडद्यात माझे दोन्ही हात दिसत व्हते म्हणं. मी कॅमेऱ्याला आंधळा समजले. तिनं आपल्या ओढणीनं माझा उजवा हात कमरेला बांधला. मार्क? सात. मग नऊ. मग परत सात.

सोमवारी तिनं खेळ बदलला. पडद्यात सैपाकघर, टेबलावरच्या वाट्या उचलून ठेवायच्या. आन मागं चित्रातला नळ सताड उघडा! धो धो पाणी मोरीत. आमच्याकडं आठव्या दिवशी नळ येतो. त्याच सकाळी तांब्याभर पाणी सांडलं म्हणून मोनिकेला बोलले व्हते. मी हिमानीला म्हणाले, आधी तो बंद कर. ती म्हणाली, मावशी, चित्र आहे, वाटीकडं बघा. वाटीकडं कशाची बघते मी? माझा सगळा जीव त्या पाण्यात. शेवटी तिला आन चित्र काढणाऱ्याला बोल लावत पुढं सरले, नळावर हात ठेवला, नळ बंद.

मग ध्यानात आलं, उजवा तर बांधलेला. डावा वर गेला व्हता, खांद्याच्या वर. तीन महिन्यांत कमरेच्या वर गेला नव्हता.

हिमानी रडली. मी म्हणाले, रडती काय, पाणी वाचलं ना! बघ आता माझा मेंदू. खऱ्या भाचीच्या लग्नासाठी हात उचलंना, खोट्या पाण्यासाठी उचलला. हिमानी म्हणते, त्याला आंब्याचं काय पडलं नव्हतं, नळाचं पडलं, म्हणून वाट सापडली. आता ती प्रत्येक खेळात मुद्दाम नळ उघडा ठेवते. मी शिव्या देते आन बंद करते.

बोटं मात्र आखडलेलीच. दार लावून चादरीच्या निऱ्या घालून बघते. काल तीन पडल्या, चौथीला सगळ्या सुटल्या. लग्नाचं विचारू नको.

माया राहू दे, आशा लावून बसू नको.

आशा

*

पुंडलिकनगर
ता. १७ मे २०१९

ती. अक्कास,
शि. सा. न.

सुखरूप पोचले. साडी नेसायला सव्वा तास लागला, हे तुला तिथं सांगितलं नाय. मोनिका तीनदा दार वाजवून गेली. ऋतुराज गाडी चालू करून बंद करून थकला. सातच्या जागी चार निऱ्या, त्याही एका कुशीवर झोपलेल्या. डावीकडं साडी चार बोटं वर, घोटा उघडा. आरशात बघितलं तर वाऱ्यानं कललेल्या मांडवासारखी दिसत व्हते. तरी आले.

तुझ्या जाऊबाई दगडाबाईंनी चारचौघींत विचारलं, शहरातली नवी फॅशन का ही? मी म्हणाले, व्हय, टीव्हीसमोर शिकले. खोटं काय बोलले?

हात धुवायच्या पिंपाची तोटी गळत व्हती, ती डाव्यानं आवळली. कुणी बघितलं नाय, म्हणून लिहून ठेवते.

आन अक्का, मी गाडीतून उतरले तवा तू धावत आलीस. निऱ्यांकडं बघितलंस. तुझा हात पुढं आला. मग तूच तो दुसऱ्या हातानं धरलास आन पदराखाली दाबलास, अक्षता पडेपर्यंत. मी बघत व्हते. हात बांधून उभं राहणं किती जड असतं, ते मला आता ठावं आहे.

लोभ असू दे. हात तसाच धरून ठेव.

तुझी
आशा