धुण्याच्या तारेला मुंग्या

४ मे, रविवार
इलेक्ट्रिक स्कूटर आणली. हर्षालीसाठी. पोरगी १९ तारखेला मोखाड्याला नर्स म्हणून रुजू होणार. जव्हारहून रोज जाऊन-येऊन करायचं की तिकडेच खोली घ्यायची, यावर घरात बरेच दिवस चर्चा. मला दोन्ही चालतं. गाडी असली की खोलीचा प्रश्नच उरत नाही, एवढंच निदर्शनास आणून दिलं.
हर्षाली म्हणाली, "पप्पा, चार्जिंगचा पॉइंट गोरख वायरमनकडून करून घ्या. अर्थिंगसकट." गोरख सध्या हळदीच्या लायटिंगमध्ये अडकलेला. शिवाय आश्रमशाळेत क्लार्क असलो, तरी विजेचा माझा स्वतःचा अभ्यास आहे.

६ मे
अर्थिंगचे व्हिडिओ पाहिले. बहुतेकांत चुका आढळल्या. कमेंटमध्ये कळवल्या.

७ मे
मोरीमागे खड्डा घेतला. रॉड पूर्ण जमिनीत हवा. दीड हातावर कातळ लागला. पहार बोथट. कातळ म्हणजे तरी काय, जमीनच, फक्त घट्ट. कोळसा-मीठ भरून रॉड उभा केला. माणसाच्या उंचीइतका वर राहिला. दिसतो रुबाबदार.
संध्याकाळी पाहतो तर हर्षालीच्या आईने, उज्ज्वलाने, धुण्याची तार रॉडला बांधलेली! जुना बांबू वाळवीने खाल्ला म्हणे. रागावलो. मग विचार केला, एका वस्तूचे दोन उपयोग. तारेला झोळ होता, पक्कडीने ताणून दिला.

८ मे
चार्जिंगची वायर खिडकीतून अंगणात काढली. पत्र्याची झडप वायरवर घट्ट बसते, त्यामुळे वायर हलत नाही. फिनिशिंग उत्तम. करंट कुठे गळला की आपोआप पडणारा आरसीसीबी स्विचही लावला. सेफ्टीत तडजोड नाही.

१० मे
चार्जिंग सुरू केलं की स्विच पडतो. वर केला, पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. अतिशय तापट स्वभावाचा पीस आलाय.

११ मे, रविवार
स्विच बाजूला काढून वायर थेट जोडली. गाडी फुल चार्ज! म्हणजे दोष स्विचमध्येच होता. सिद्ध झालं. हर्षालीला तपशील सांगितला नाही. टेक्निकल आहे.

१३ मे
शेजारची सुकरी आपलं धुणं आमच्याच तारेवर टाकते. आज दारात येऊन म्हणाली, "दादा, तुमचे तारेला मुंग्या हायेत. दिसत नाय, पण चावतात." तिला पाच मिनिटं समजावलं की धातूवर मुंग्या टिकत नाहीत. म्हणाली, "तुमी हात लावून बगा ना मंग." लावला. पायांत स्लीपर होती. काही नाही. जुनी माणसं कल्पना फार करतात.

१४ मे
आज उज्ज्वलाचीही तीच तक्रार. ही स्थिर वीज, सिंथेटिक साडीमुळे होते, हे सांगितलं. ती म्हणाली, मी टॉवेल वाळत घालत होते. टॉवेलचा मुद्दा अभ्यासात घेतला. तूर्त मोरीच्या दारावर सूचना लावली: कपडे वाळत घालताना चप्पल वापरावी. उज्ज्वला म्हणाली, "अहो, उद्या भांडी घासताना गमबूट घालू का?"

१५ मे
हर्षालीने सूचना वाचली. म्हणाली, "पप्पा, मी मैत्रिणीबरोबर, प्राजक्ताबरोबर, मोखाड्यात खोली बघून येते. गाडीपायी आईला शॉक बसायला नको." मी म्हटलं, गैरसमजावरून निर्णय घेऊ नयेत. उद्या सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक. एकदा डोळ्यांनी पाहिलं की खोलीचा विषय बंद.

१६ मे, सकाळ
सर्वांना मोरीमागे बोलावलं. उज्ज्वला, हर्षाली, सुकरी. गाडी चार्जिंगला लावलेली. शंकेला जागा नको म्हणून अनवाणी, ओल्या धोंड्यावर, हातात ओलं बनियन. म्हटलं, पाहा. आणि तार धरली.

१६ मे, रात्री
डाव्या हाताने लिहितोय.
हात सुटेना. ओरडलो नाही; आवाज आला, पण तो आपोआप. उज्ज्वला मला धरायला धावली. हर्षालीने तिला मागे ढकललं, "आई, हात नको लावू!" असं किंचाळली आणि आधी आत जाऊन मेन पाडला. मी धोंड्यावर बसलो. म्हणजे पडलो. मग तिने नाडी पाहिली, डोळे पाहिले, दवाखान्यात नेऊन ईसीजी काढायला लावला. रुजू होण्याआधीचा तिचा पहिला पेशंट मी. काम नीट करते.
परत आलो तर सुकरी कुंपणावरून विचारते, "दादा, मुंगी मोठी होती काय?"
रात्री ताट वाढताना उज्ज्वला म्हणाली, "मी धरलं असतं ना तुम्हाला."

१७ मे
मेन बंद ठेवून वायर तपासली. झडपेखाली साल कापलेलं, आतलं तांबं रॉडकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या तारेला चिकटलेलं. करंट थेट रॉडमध्ये, रॉडमधून तारेत. कोरडा कातळ तो खाली घेईना. स्विच हेच सांगत होता. दोष शेवटी मीच शोधला, याची नोंद असावी. गोरखला फोन केला, चर्चेसाठी. म्हणाला, "काका, मी येईपर्यंत चर्चा पण नको."

१९ मे
हर्षाली रुजू. खोली घेतलीच. गाडीही तिकडेच नेली. तिथे चार्जिंगचा पॉइंट व्यवस्थित आहे. घर शांत. अभ्यासाला चांगलं.

२४ मे, शनिवार
गोरखने काम पुरं केलं. परसात माती खोल आहे तिथे अर्थिंग, नवी वायर, स्विच जागेवर. बटण दाबून स्विच पाडून दाखवला. सगळं निर्दोष. हर्षालीला फोन करून तपशीलवार सांगितलं. गाडी घेऊन ये, आता रोजचं येणं-जाणं सहज जमेल, असंही.
म्हणाली, "उद्या येते ना पप्पा. बसने."
घाटात बसमध्ये झोप चांगली लागते, त्यामुळे असेल.