आबा मागं का बघतात

सोमवार, संध्याकाळ. इंदूरचं लॉज.

पहाटे संभाजीनगर सोडल्यापासून आबा सारखे मागं वळून बघतायत. पडेगावच्या वळणावर बघितलं तेव्हा वाटलं, घराकडं बघत असतील. पण मग कन्नडच्या घाटात तेच, धुळ्याच्या बायपासला तेच. प्रत्येक फाट्यावर आरशात त्यांची वळलेली मान. माझ्यावर संशय आलाय का? ताईनं काही सांगितलं? तिला फोन केला, ती नाय म्हणाली. जरा घाईनंच म्हणाली.

शेवटी चहाच्या टपरीवर विचारलंच. बशीतला चहा फुंकत आबा म्हणाले, "नव्या रानात मेंढरं नेताना फाट्या-फाट्याला मागं बघावं लागतं. परतताना वाट उलटी दिसती. माणूस चुकतं."

"पण गाडी मी चालवतोय ना, आबा."

"व्हय. येताना तू संगं असशीलच, असं थोडंच हाय."

दिल्लीला माझ्याकडं आठ दिवस राहायचं, एवढंच मी त्यांना सांगितलंय. पडेगावच्या घरात परवा भाडेकरू येणार, हे फक्त मला आणि ताईला माहीत.

आत्ता खिडकीतून दिसतंय. आबा लॉजच्या फाटकात उभे आहेत, आलो त्या रस्त्याकडं तोंड करून.