काकीच्या पायाला टॉर्च

१५ सप्टेंबर
पद्मा बारामतीहून डोळे दाखवून आली ती मोटारीत पुढच्या सीटवर बसून! धाकटी जाऊ पुढं, आणि मी घरी भाकऱ्या थापतेय. डोळ्याच्या पडद्यावर साखर उतरलीय म्हणे. डाव्या डोळ्यानं माणूस दिसतं, तोंड ओळखू येत नाही. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू — थोडंच वाटलं. साखर मलाही आहे, सहा वर्षं झाली. मला कुणी पुढं बसवलं?

रणजित सांगत होता, "डॉक्टर म्हनले, पडद्याला लागलं की पायाकडंबी बघाया पायजे. बारीक शिरा दोन्हीकडं खराब होत्यात. बधिर पायाला लागल्यालं कळत न्हाय, आन् डोळ्याला जखम दिसत न्हाय. रोज दुसऱ्यानं बघायचं. मी बघत जाईन काकीचं."

माझ्या पोटचा पोरगा!

१७ सप्टेंबर
एमआयडीसीतून आला, बूट काढले, थेट काकीच्या खोलीत. तिचा पाय मांडीवर घेऊन, मोबाईलचा टॉर्च लावून बोटांच्या बेचक्यासुद्धा बघतो! मी केलेला चहा निवून गेला. मी मुद्दाम कण्हत उठले. तर म्हणतो कसा, "आई, काकीच्या चपला कुठं हायत?"

१९ सप्टेंबर
जेवताना सगळ्यांदेखत म्हटलं, माझेही पाय जळजळतात, मुंग्या येतात. "दिवसभर हुभी ऱ्हातीस म्हनून," हे यांचं उत्तर. रणजितनं मोबाईलमधून मान वर केली नाही.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
ठरवलं. घट उठेपर्यंत अनवाणी! पद्माला घरातसुद्धा चप्पल घालायला सांगितलंय, तिला यंदा जमायचं नाही. दरवर्षी दोघी चालायचो आणि बायका कौतुक तिचंच करायच्या. आता बघू!

"आक्का, साखर तुमालाबी हाय. नका करू आवंदा," म्हणाली. जळतेय, दुसरं काय.

२५ सप्टेंबर
पावसानं वाटेचा चिखल झालाय, खडी वर आलीय. देवळापर्यंत जाऊन आले, एक खडा टोचला नाही! जळजळसुद्धा थांबली. शेजारच्या गेणबाची आई सगळ्यांसमोर म्हणाली, "देवी तुझ्या पायाखाली फुलं आंथरती गं बाई."

पद्मा ओसरीवर बसून ऐकत होती. मला इतकं बरं वाटलं! किती दिवसांनी माझं नाव कुणी काढलं.

२९ सप्टेंबर
डोळ्यापुढं काळी माशी. हाकलली तरी जात नाही. ओळी तिरप्या चालल्यात. चष्मा बदलायला झाला.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं दिलं आणि पद्मा पाया पडायला वाकली. दिसत नाही म्हणून चाचपडत माझे पाय शोधले. हात करंगळीपाशी थांबला.

"आक्का, पाय वला हाय तुमचा. आन् गरम लागतोय."

म्हटलं, पाणी असेल. तिनं बोटं नाकाशी नेली.

"ह्ये पानी न्हाय. रणजित, टॉर्च आन!"

करंगळीच्या बुडाशी बाभळीचा काटा मोडून आत राहिलेला. भोवती पू. कधी घुसला, मला पत्ता नाही. मी आपली देवीची कृपा समजून मिरवत होते! मला आधी रागच आला — तिलाच का सापडावा? मग पद्मा रडायला लागली, माझा पाय धरून. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

४ ऑक्टोबर
बारामतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, जखम साफ केलीय, पण करंगळी राहील का ते आत्ताच सांगता येणार नाही. डोळे कधी तपासले? कधीच नाही म्हटलं. मग ती काळी माशी सांगितली. त्यांनी लगेच डोळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

येताना पुढची सीट मला दिली.

५ ऑक्टोबर
रणजित आला. बूट काढून थेट माझ्याकडं. माझा पाय मांडीवर घेतला, टॉर्च लावला, तळव्यावर हात ठेवला.

"आई, माजा हात कळतोय का?"

"व्हय," म्हटलं.

कळत नव्हता.