उपाशी पट्टा

३ सप्टेंबर ९४, बेला
लेक सुनंदा आली. हैदराबादेहून रात्रभर बसनं, मांडीवर काचेच्या नळ्यांची पेटी. चहा न घेता आधी वावरात. तिची एम.एस्सी. आपल्याच ज्वारीच्या दोन पट्ट्यांवर अडकली आहे. एकाला स्फुरदाचं खत दिलेलं, दुसऱ्याला पेरणीपासून काही म्हणजे काही नाही. मारोती, आमचा सालगडी, त्याला उपाशी पट्टा म्हणतो. आता सारं गाव म्हणतं.

४ सप्टें.
सु.ला विचारलं, नेमकं काय शोधून राह्यली? म्हणाली, स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जमिनीत असतंच, पण बांधलेलं. मुळी तसं उचलू शकत नाही. मग मुळ्या अन् मातीतले बारीक जीव फॉस्फेटेज सोडतात, ते बांधलेलं मोकळं करतं. आपल्या अंगातल्या पेशीतही तेच काम.
म्हटलं, म्हणजे गाठी फोडणारा हमाल. बियाण्याचं दुकान काढण्याआधी सूतगिरणीत मी तेच करायचो. गाठ फुटल्याबिगर कापूस पुढं सरकत नाही.
हसली. "बाबा, सरांना हेच सांगते."
तिचं म्हणणं असं की मुळी उपाशी राहिली की जास्त हमाल लावते. हे पटायला मला पुस्तक लागलं नाही.

५ सप्टें.
परसात चूल, पातेल्यात कोमट पाणी, त्यात दोन्ही पट्ट्यांच्या मातीच्या नळ्या. सु. थर्मामीटर धरून. औषध पाण्यासारखं बिनरंगी. तास झाला की शेवटी दुसरं औषध टाकते, तेव्हा रंग उघडतो. जितकं फॉस्फेटेज तितकं पिवळं.
खतवाला पट्टा फिका. उपाशी पट्टा नुसती हळद!
पोरगी टाळ्या पिटत बाहेर पळाली, एस.टी.डी.वरून सरांना फोन. सर १४ ला स्वतः येणार. पटलं तर थिसिस पुढं, नाही तर आणखी एक हंगाम.
बायकोनं, शांतानं, भाकरी करपवली. तिच्या हातून असं होत नाही.

७ सप्टें.
हॉटेलात पेपर आडवा धरून बसलो होतो. पाठीमागे मारोती गाडीवाल्याला सांगत होता, "कायचा उपाशी पट्टा बे! आमच्यापेक्षा बरं जेवते तो."
दोघं खिदळले. चहा तसाच ठेवून उठलो.
बाहेर गाठला. मान खाजवत म्हणाला, "मालक, मले काऊन पुसता? घरात पुसा ना."

८ सप्टें.
पुसलं. शांता तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.
"टाकलं. शेणखत. निंदायला जाताना टोपलंभर न्यायची."
"काऊन?"
"पानं जांभळी पडली होती. लेकीचं वावर, अन् त्यालेच उपाशी मारायचं? तुमाले पाहवते, मले नाही पाहवत." मग हळूच, "सुनंदेले सांगू नका."
शेणखतातही तेच बारीक जीव, त्यानंही नळी पिवळी होते. सु.नंच सांगितलं होतं. मग ती हळद मुळीच्या भुकेची, की टोपल्याची?

९ सप्टें.
सांगितलं नाही. सु. आलेख काढत गाणं म्हणते.
माझ्यातला दुकानदार म्हणतो, तिचं म्हणणं खरंही असेल, गप बस. पण याच दुकानात भेसळीचं बियाणं आलं तेव्हा मी पोती परत गाडीवर चढवली होती. तेव्हा लेक पाच-सहा वर्षांची, पोत्यावर बसून पाहत होती.

१० सप्टें.
आजही नाही. शांता माझ्याकडे पाहत नाही. सु. विचारते, "तुमचं भांडण झालं का?"

११ सप्टें.
जेवताना तोंड उघडलं, तर शांतानंच आधी सांगून टाकलं. "मी टाकलं. बापाले काही म्हणू नको."
सु.नं घास खाली ठेवला. वाटलं आता रडते. रडली असती तर बरं. एवढंच विचारलं, "कुठून कुठपर्यंत, आई?"
"जिथं जिथं जांभळं दिसलं तिथं."
म्हणजे नेमकी सर्वांत उपाशी झाडं. सु. ताटावरून उठून गेली.

१२ सप्टें.
सु. खोलीतच. सरांना येऊ नका म्हणून कळवते म्हणाली. मी चपला घातल्या, फोनला सोबत म्हणून. तेवढ्यात शांता दारातून, जराशी फणकाऱ्यानं, "वारुळाकडे नाही गेली बाप्पा मी. तिकडं नागोबा आहे. तिकडं आमी पाय नाही ठेवत."
सु. थबकली. पट्ट्याचा तो कोपरा! बायका तिकडं निंदतसुद्धा नाहीत, मारोती लांबून हात जोडतो. पानं अजून जांभळी.
"वारुळाची माती वेगळी असते," सु. स्वतःशीच बोलल्यासारखी. "जरा हटून घेऊ."
"तिथं खोदशील?" शांता.
फोन राहिला.

१३ सप्टें.
माती आणायला शांताच पुढं. वारुळाला दूध, हळदकुंकू, पुटपुटली काहीतरी. मग लेकीला म्हणाली, "खोद. पण खुरपं जोरात मारू नको." मारोती वावराच्या धुऱ्यावरून, "मालकीणबाई, नागोबाले शेणखत नाही देल्लं, म्हणून वाचली पोरगी!" शांतानं ढेकूळ फेकलं त्याच्या अंगावर. सु. हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

१४ सप्टें.
नळ्या पातेल्यात. हे शेजारी बसूनच लिहितो आहे. या मातीत पिवळं उघडलं तर उपाशी मुळीचं म्हणणं उभं राहील. फिकं राहिलं तर ती हळद आईच्या टोपल्याची. सु. म्हणते, काहीही निघो, सरांना टोपल्याचं सांगणारच. थर्मामीटर मात्र पुन्हा पुन्हा पाहते.
तास भरत आला. दुसरं औषध तिच्या हातात.
शांता पदरानं हात पुसत आली. "मले कोणी सांगतच नाही. पिवळं व्हायले पाह्यजे का नको?"
 आठवडाभर तिला कोणी सांगितलंच नव्हतं.
रस्त्याकडून सरांच्या जीपचा आवाज. माझे कान तिखट, मलाच आधी ऐकू आला.
म्हटलं, "पाह्यजे, शांता. पाह्यजे."
सु.नं नळी उचलली.