नव्या गाडीचा फर्मा

६ जानेवारी

नवी गाडी आली दुकानात! म्हणजे नाव जुनंच, रूप नवं. बमरोलीच्या लोटूआप्पांच्या चेतनने घेतली. समोरचं तोंड बदललंय, दिवे बारीक केलेत, मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टी. चेतन म्हणाला, "वहिनी, हायब्रीड आहे, पण थोडीच. चार्जिंगला लावायची नाही, बॅटरी इंजिनाला नुसता हात देते." सिग्नलला आपोआप बंद पडते म्हणे. मी म्हटलं, आमची मोपेडपण पडते.

मला काय, मी सीट बघते. त्याही बदलल्यात. खांदे रुंद, कडा फुगीर. जुन्या मॉडेलचा फर्मा चालणार नाही, कव्हरं नव्याने बेतावी लागतील. हे म्हणाले, "जमेल का?" जमेल का म्हणे. सुरतेत उधन्याच्या आमच्या लाइनीत कव्हर शिवणारी बाई मी एकटीच, आणि मलाच विचारतात!

८ जानेवारी

फर्मा उतरला. दिवसभर कागद, खडू, टाचण्या. पुढच्या दोन्ही सीटना दाराकडच्या बाजूला कंपनीची चिमुकली चिंधी शिवलेली — एअरबॅग लिहिलंय. एअरबॅग तर स्टेअरिंगमध्ये असते, इथे कसली जाहिरात? कव्हरला तिथे फुगवटा यायचा. कापून टाकली. वरून कव्हरच्या कडेला जाड दोऱ्याची दुहेरी टीप मारली. आता कव्हर असं बसलंय की गाडीबरोबरच आलं असं वाटावं.

लोटूआप्पा स्वतः आले होते. सीटवरून हात फिरवत म्हणाले, "हर्षदा, पोरी, तुनी शिलाई भलती पक्की शे." फुलून गेले मी. खोटं कशाला लिहू.

१७ जानेवारी

तीच गाडी, दुसऱ्या कुणाची. अडाजणचे एक गुजराती साहेब. कव्हरं त्यांनी शोरूममधून आणलेली, आम्ही फक्त चढवायची. बघते तर कडेची शिलाई कच्ची, बोटाने ओढली तर उसवेल. ह्यांना खुणावलं, बघा कंपनीचं काम. आणि साहेबांना म्हटलं, थांबा, मी पक्की टीप मारून देते.

"ना ना बेन, त्यां टांको नथी मारवानो." ते एकदम पुढेच आले. ती जागा मुद्दाम कच्ची ठेवतात म्हणाले. या नव्या मॉडेलमध्ये सीटच्या कडेतच एअरबॅग आहे. ठोकर बसली की शिलाई फाडून बाहेर येते आणि माणसाला वाचवते. शिलाई पक्की असली तर आतच अडकायची.

मी बरं म्हटलं आणि कात्री शोधायला आत गेले. कात्री हातातच होती.

१८ जानेवारी

चेतनला फोन करायचाय. केला नाही.

१९ जानेवारी

केला. ते गावी गेलेत, अमळनेरला, बाळाचं जाऊळ काढायला. पुढे चेतन आणि आप्पा, मागे त्याची बायको अश्विनी बाळाला घेऊन. वाटेत कोंडाईबारीचा घाट आणि सगळे ट्रक. सुखरूप पोचले, बरं.

आणि मी काय बोलले? "कापडाच्या रंगात खोट निघालीय, कव्हरं काढून ठेव, आल्यावर बदलून देते." रंगात! खरं तोंडातून निघेचना. आप्पा बमरोलीत घरोघर सांगत फिरलेत, कव्हर शिवायचं तर हर्षदाकडे. त्यांच्या नजरेतून उतरायची भीती वाटली. माझं नाव राहावं म्हणून त्यांना तसंच ठेवलं. किती हलकी बाई आहे मी.

ह्यांनाही सांगितलेलं नाही.

२३ जानेवारी

आले. कव्हरं तशीच! अश्विनी म्हणाली, "काढणारच होतो हो, पण बाळ वाटेत ओकतं. रंग गेला तर जाऊ दे, खालची सीट तरी वाचेल." घाटात एका टेम्पोने कट मारला, आप्पांच्या दाराला घासता घासता राहिला. आप्पा हे हसत सांगत होते.

टीप मारली तेव्हा मला माहीत नव्हतं. फोन केला तेव्हा माहीत होतं. लाज या दुसऱ्याची जास्त.

मग सांगितलं. दुकानातच, ह्यांच्यासमोर. चिंधी वाचली होती, तेही सांगितलं. चेतनने अश्विनीकडून बाळ घेतलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. आप्पांनी एवढंच विचारलं, "फोनवर काबरं नही सांगं?" त्यांच्याकडे बघवलं नाही.

सगळी कव्हरं उतरवली. बरोबर शिवून देते म्हटलं, तर चेतन म्हणाला, "राहू द्या वहिनी." उघड्या सीटनेच गाडी नेली.

२४ जानेवारी

हे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. दोनदा काहीतरी बोलायला आले आणि परत गेले. मी फर्मा फाडून टाकला. म्हटलं, एकच गाडी होती, देवाने सांभाळलं. जेवण गेलं आज जरा.

२५ जानेवारी

ह्यांनी जेवता जेवता हात थांबवला. म्हणाले, "फर्म्याचे फोटो मी तेव्हाच टाकलेत. मापासकट." सीट कव्हरवाल्यांचा ग्रुप आहे, सुरतपासून वापीपर्यंतचा. बायकोचं कौतुक म्हणून टाकले. दुहेरी टीप जवळून दाखवलीय.

फोन पुढे केला. खाली कडोदऱ्याच्या एकाने लिहिलंय — भाभी का फर्मा एकदम फिट, नई गाडी में सब यही डाल रहे हैं.

त्याला लगेच फोन लावला, मीच बोलले, सगळं खरं सांगितलं. गाड्या कोणाच्या होत्या, विचारलं. हायवेवरून येतात बेन, म्हणाला, नाव कोण विचारतं.