नेहरूंच्या माथी मारलेलं

डिंडोली, सुरत
ता. १६ जून १९९७

बारावी पास झालीस तू, आणि मला कळतं कोणाकडून, तर तुमच्या गल्लीतून भंगार घेऊन इकडे येणाऱ्या राघोकडून. तोही पेढ्याबिगर सांगून गेला. आजी जिवंत आहे का, एवढं एका कार्डात विचारता येतं. तुमच्या शाळेत ते शिकवत नसतील.

असो. चि. गायत्रीस आजीचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. निंबामामा बमरोलीला लूमवर जातो, आठवडा दिवसपाळी, आठवडा रातपाळी. घरात मीठ मागायचं तरी लूमच्या खडखडाटाच्या सवयीनं ओरडून मागतो. मामी साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम घरी आणते, मीही बसते. काल माझ्या कात्रीनं एका साडीचा पदरच कापला. मामीनं बघायच्या आत घडी घालून गठ्ठ्यात खाली सरकवली. तू कोणाला सांगू नको.

पुढे काय करणार ते लिही. मंदाला, तुझ्या आईला, विचारलं तर ती दोन शब्दांत उत्तर देते, म्हणून तुला विचारते. शिकवणार आहे ना तुला पुढे? तिची तब्येत कशी आहे? तिला माझी आठवण सांग, ऐकायच्या मनात असली तर.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नको.
तुझी आजी,
इंदुबाई


दोंडाईचा
ता. २४ जून १९९७

तीर्थरूप आजीस गायत्रीचा शि. सा. न. वि. वि.

चूक माझीच. पण निकालाचा आनंद घरात एकच दिवस टिकला, मग लिहायला हात होईना. मला एकाहत्तर टक्के मिळाले. धुळ्याला डी.एड. करायचं आहे. तिथं मुलींचं सरकारी वसतिगृह आहे, राहणं-जेवण फुकट. फॉर्म आणून ठेवलाय. बाबा गेल्यापासून पालक म्हणून सही आईची लागते, आणि आई सही करत नाही.

ती म्हणते, सरकारी वसतिगृहात आपल्यासारख्यांची नावं लागत नाहीत, मग पोर जन्मभर झुरत बसते, त्यापेक्षा अर्जच नको. मी फार मागे लागले तेव्हा तिनं तिची सगळी गोष्ट सांगितली. सत्तावन्न सालची. चौथीला ती पहिली आली, मास्तरांनी मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज भरला, आणि पत्र आलं तेव्हा ती शेतात होती. घरात वाचता येणारी तू एकटी. तू तिला सांगितलंस की यादीत तिचं नाव नाही, नेहरूंच्या राज्यात वसतिगृहं मोठ्यांच्या पोरींसाठी असतात. रागानं ते पत्र तू चुलीत घातलंस.

आजी, आई ते अजून विसरलेली नाही. अंगणवाडीत सेविका व्हायला सातवी लागते, म्हणून ही वीस वर्षं मदतनीस. तिच्या निम्म्या वयाच्या सेविकाबाई तिला खिचडीत मीठ कमी पडलं म्हणून बोलतात. दर चौदा नोव्हेंबरला त्या तिला नेहरूंच्या फोटोला हार घालायला सांगतात आणि दर चौदा नोव्हेंबरला आईचं डोकं दुखतं.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होतात म्हणून तालुक्याला भाषणांची स्पर्धा आहे. विषय असा, पंडित नेहरूंनी देशाला काय दिलं आणि काय द्यायचं राहिलं. मला आईच्या गोष्टीनं सुरुवात करायची आहे. त्या पत्रात नेमकं काय लिहिलं होतं ते आठवत असेल तर कळव. तू त्यांचा काळ पाहिलास, तुझं मतही लिही.

मामा-मामींना नमस्कार. साडीचं कोणाला सांगत नाही.
तुझी नात,
गायत्री


डिंडोली, सुरत
ता. २ जुलै १९९७

चि. गायत्रीस आशीर्वाद. नेहरूबद्दल विचारतेस तर लिहून घे, पुन्हा पुन्हा सांगणार नाही.

माझा धाकटा भाऊ सखाराम पलटणीत होता. बासष्ट साली चीनच्या बाजूला बर्फात उभा केला, पायात कापडी बूट. तो परत आला नाही, त्याची पेटी आली. पेटीत लोकरीचा एक मोजा होता, दुसरा कुठं गेला ते सरकारला माहीत. चिनी आपले भाऊ आहेत असं आधी गावोगाव कोणी सांगितलं होतं? नेहरू गेला तेव्हा लोक रेडिओपाशी बसून रडले. मी भाकरी थापत होते. एकही करपली नाही.

गावाला शाळा दिली, विहीर दिली नाही. पोरं पाटीवर कमळ काढायची आणि बाया दोन कोस लांबून पाणी आणायच्या. रॉकेल नाही. ती अमेरिकेची लाल ज्वारी, तो मायलो, खायला घातला, त्याची भाकर तव्यावरच फाटायची. एवढं तुझ्या भाषणाला पुष्कळ झालं.

त्या पत्राचं म्हणशील तर चाळीस वर्षांपूर्वीचं पत्र कोणाला आठवतं. सरकारी पत्र सरकारी पत्रासारखं होतं. भाषणात ते कशाला घालतेस, लोकांना घरच्या गोष्टी सांगू नये. आईला म्हणावं, तेव्हाचं तेव्हा गेलं, आता काळ वेगळा आहे, आजी म्हणते सही कर.

इकडे पाऊस बरा आहे. मामीला दम्याचा त्रास होतो. हे लिहून झालं की पाकीट लगेच चिकटवते, परत वाचत बसत नाही.

मायेत कमी करू नको.
आजी


दोंडाईचा
ता. १० जुलै १९९७

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः आणखी दोनदा वाचलं. मला म्हणाली, बघ, तुझी आजी तोंडानं फटकळ आहे, पण तिनं मला कधी खोटं सांगितलं नाही. नेहरूंवरचा तुझा राग वाचून तिला बरं वाटलं. पण सही करायला तू सांगितलंस ती ओळ तिनं कानाआड केली. म्हणते, आजी म्हातारी झाली, आता मनानं मऊ पडली.

एक सांगू, रागावू नकोस. तो मायलो नेहरू वारल्यावर आला. आमच्या सरांना विचारलं.

फॉर्मची शेवटची तारीख ३१ जुलै आहे. आईनं तो कपाटावर टाकलाय. शेजारच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीसाची जागा निघाली आहे, ती तिनं माझ्यासाठी बोलून ठेवली. पहिल्या तारखेपासून जायचं. ती हे वाईट मनानं करत नाही, आजी. काल माझ्यासाठी नवी चप्पलही घेऊन आली, चिखलातून जावं लागेल म्हणून.

भाषणाची सुरुवात आईच्या पत्रानंच करणार. सरांना ती फार आवडली. म्हणाले, एका माणसानं लाखोंना स्वप्न दाखवलं आणि एका मुलीच्या दारात ते पोचलंच नाही, असं म्हण. आईला मी ते म्हणून दाखवलं. ती पदरानं तोंड पुसून आत गेली.

तुझी,
गायत्री


डिंडोली, सुरत
ता. १७ जुलै १९९७

चि. मंदास आईचे आशीर्वाद.

तुझं नाव आलं होतं.

हे पहिलं लिहून टाकते. नाहीतर मी आधी पाऊसपाणी लिहीन, सूनबाईचा दमा लिहीन आणि कागद संपेल. यादीत तुझं नाव होतं. पत्रात लिहिलं होतं की मुलीची निवड झाली आहे, अंथरूण-पांघरूण, एक ताट, एक तांब्या घेऊन तिला सोमवारी हजर करावं, फी नाही. गायत्रीला मी कळवलं की आठवत नाही. मला ते सगळं आठवतं. मी ते दोनदा वाचलं होतं. दुसऱ्यांदा अशासाठी, की मी दुसरीच शिकलेली, माझं वाचणं चुकलं असेल अशी आशा होती.

निंबा तेव्हा चार महिन्यांचा होता. त्याच्या आधीची दोन गेली, तुला माहीत आहे. धाकटी बांधावर झोळीत गेली, मी चार पातींच्या पलीकडे निंदत होते आणि मला कळलं नाही. निंबाला कडेवर घ्यायला तूच होतीस. तू गेलीस तर हाही जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हे सांगते म्हणून माझं पाप हलकं होतं असं समजू नको. बापाला विचारून बघता आलं असतं. माझी बहीण दोन वर्षं येऊन राहिली असती. मी कोणालाच विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर वाट निघाली असती आणि तुला पाठवावं लागलं असतं. पत्र चुलीत घातलं ते रागानं नव्हे. तुला वाचता येत होतं म्हणून घातलं.

मास्तर दोनदा घरी आला. त्याला सांगितलं, पोरीच्या बापाची मर्जी नाही. बापाला सांगितलं, मास्तर म्हणतो नाव लागलं नाही. दिवाळीआधी मास्तरची बदली झाली आणि मी सुटले.

तू त्या दिवशी डोक्यावर गवताचा भारा घेऊन आलीस. भारा न उतरवताच मला विचारलंस, माझं काय चुकलं. मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही, त्या नेहरूचं चुकलं. तू भारा उतरवलास आणि निंबाला घेतलंस. इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं. तो दिल्लीला होता, आपल्या ओट्यावर येऊन विचारणार नव्हता. मग मला सवयच लागली. रॉकेल मिळालं नाही की त्याचं नाव, मेल्यावर आलेल्या मायलोलाही त्याचंच नाव. जितकं त्याला बोलावं तितकी तू माझ्या बाजूची व्हायचीस. चाळीस वर्षं तू माझ्या बाजूची होतीस, त्या पत्राच्या जोरावर.

सखारामाच्या मरणाचा दोष मी नेहरूवरून उतरवत नाही. ते कापडी बूट त्याचेच. विहीर नव्हती तेही त्याचंच. मोठ्या मोठ्या गोष्टींत रमला आणि बाईच्या डोक्यावरचा हंडा त्याला दिसला नाही, हे मी कुठंही म्हणेन. पण वसतिगृहाचं त्याच्या माथी मारलं ते माझं आहे, ते मी परत घेते.

आणि एक गोष्ट मी गायत्रीपासून मुद्दाम लपवली. पहिल्या मतदानाच्या आधी नावं लिहायला एक कारकून गावात आला होता. साऱ्या बाया दाराआडून अमक्याची बायको, तमक्याची आई असंच सांगत होत्या. तो म्हणाला, असं चालत नाही, बाईचं स्वतःचं नाव पाहिजे, नाहीतर मत नाही. मी सासऱ्यासमोर सांगितलं, इंदुबाई. त्यानं लिहून घेतलं आणि बरोबर आहे का म्हणून मला वाचून दाखवलं. त्या रात्री घरात माझ्याशी कोणी बोललं नाही, तरी मला फार बरं वाटलं होतं. तेव्हा तू पाच वर्षांची, माझ्या लुगड्याला धरून उभी होतीस. ज्या राज्यानं मला माझं नाव विचारलं त्यानंच पुढं तुझं नाव कागदावर लिहून पाठवलं. ते आपल्या दारात पोचलं होतं, मंदा. दारातून पुढे मी येऊ दिलं नाही.

तुझ्या पोरीचे मास्तर म्हणतात तसं तिनं भाषणात म्हणू नये. म्हणायचंच असेल तर माझ्या नावानिशी खरं म्हणावं. बक्षीस गेलं तर जाऊ दे. फॉर्म कपाटावरून काढ आणि सही कर. नाव लागत नाही म्हणून अडली होतीस, तर तुझं लागलं होतं. मदतनीसाच्या जागेला नाही म्हणून सांग. चप्पल धुळ्यालाही चालेल. माझ्यावरच्या रागात पोरीचं नाव अडकवू नको. तसं केलंस तर तू माझीच लेक.

निंबाला काल सांगितलं. तो जेवता जेवता ताटावरून उठला. म्हणाला, ताईच्या कडेवर मी वाढलो हे माहीत होतं, कशाच्या बदल्यात ते माहीत नव्हतं. सकाळी माझ्याशी न बोलता पाळीला गेला. बरोबर केलं त्यानं.

क्षमा कर असं मी लिहीत नाही. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर मी तिला केली नसती. पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे, ती ओळ या खेपेला सोडते.
इंदुबाई

ता. क. तुझं पत्र आलं की निंबा फोडेल आणि सूनबाईसमोर, पोरांसमोर, लिहिलं असेल तसं मोठ्यानं वाचेल. माझ्या हातात द्यायचं नाही असं मी त्याला बजावलं आहे, माझ्या वाचण्यावर या घरात आता कोणी विसंबू नये. तेव्हा सगळ्यांनी ऐकावं असं जे असेल ते लिही. उत्तर तू द्यायचंस, मंदा. गायत्रीनं लिहायचं नाही.